उन्हातल्या बाईचं ताट

 

चैत्र संपत आलाय. सकाळी नऊ वाजताच अंगण तापतंय. उन्हाळी भुईमूग काढायला येईल, हळदीची कामं अजून आटोपायची आहेत, उसात खुरपण आहेच. म्हणजे आपलं काम काही थांबत नाही आणि ऊनही थांबत नाही. म्हणून आज बोलायचं ते ऊन, आपली कातडी आणि आपलं ताट या तिघांबद्दल.

हा विषय माझ्या मनात आला तो आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत. हप्ते गोळा करून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एक ताई हळूच म्हणाली, "ताई, असं काही खायचं असतं का हो, की ज्यानं ऊन बाधत नाही? तोंड बघा कसं काळं पडलंय." बाकीच्या हसल्या. पण ती हसत नव्हती. तिनं दुकानातून एक ट्यूब आणली होती. दोन महिने रोज लावली. पहिल्या पंधरा दिवसांत तोंड उजळलं, म्हणून शेजारणीनंही आणली. नंतर मात्र उन्हात गेलं की आग व्हायला लागली, गाल लाल झाले, बारीक पुरळ आलं, आणि ट्यूब बंद केली की आणखी वाईट दिसायला लागलं. डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं, यात स्टिरॉइड आहे, याने कातडी पातळ होते, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायचं नसतं.

तिनं त्या ट्यूबवर जो पैसा घातला तो कुठला होता माहितीये? घरच्या कोंबड्यांची अंडी विकून आलेला. तेव्हा मला वाटलं, हे बोललं पाहिजे. अंडी ताटातून गेली आणि ट्यूब तोंडावर आली. सौदा उलटा झाला.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. असं काही खायचं असतं का? उत्तर आहे, हो. पण त्या 'हो'ची मर्यादा आधी सांगते, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. खाण्यानं रंग गोरा होत नाही. आणि खाणं हे पदराची, रुमालाची, सावलीची जागा घेऊ शकत नाही. आपली कातडी सावळी आहे, कारण तिच्यात रंगद्रव्य जास्त आहे, आणि ते रंगद्रव्यच आपलं पहिलं छत्र आहे. ते घालवायच्या मागे लागायचं नाही. आपल्याला करायचंय एवढंच, की उन्हानं कातडीला जी इजा होते ती सोसायची आणि भरून काढायची ताकद शरीरात राहावी. ती ताकद मात्र ताटातूनच येते.

उन्हात दोन गोष्टी असतात. एक गर्मी, जी आपल्याला कळते. आणि दुसरे न दिसणारे किरण, त्यांना अतिनील किरण म्हणतात. गर्मीसाठी आपण पाणी पितो, ताक पितो, कैरीचं पन्हं करतो. ते बरोबरच आहे, त्यानं उष्माघात टळतो. पण कातडी काळवंडणं, वांग येणं, लवकर सुरकुत्या पडणं, ओठ फुटणं, हे जास्त करून त्या न दिसणाऱ्या किरणांचं काम आहे. ते कातडीच्या आत शिरून पेशींना इजा करतात. ही इजा शरीर रोजच्या रोज दुरुस्त करत असतं. घराचा गिलावा पडला की आपण लिंपून घेतो ना, तसं. पण लिंपायला माती आणि शेण लागतं. शरीराला दुरुस्तीसाठी जे सामान लागतं, ते म्हणजे प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि भाज्या-फळांतली रंगीत द्रव्यं. सामानच नसेल तर दुरुस्ती कशी होणार?

आणि ही नुसती सांगायची गोष्ट नाही. हे सामान संपलं की काय होतं, ते आपल्याच दख्खनच्या मुलखात दिसलेलं आहे. ते आज मुद्दाम सांगते.

पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. नाव इटलीतलं, अर्थ खरखरीत कातडी. या आजारात कातडी कुठे खराब होते, तर जिथे ऊन लागतं तिथेच. दोन्ही हातांची पाठ, दोन्ही पावलं, तोंड आणि गळा. आधी उन्हानं भाजल्यासारखं लाल होतं, मग काळं पडतं, जाड होतं, भेगा पडतात, पापुद्रे निघतात. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा काळा पट्टा येतो. झाकलेलं अंग मात्र चांगलं असतं. त्याबरोबर तोंड येतं, जीभ लाल होते, जुलाब लागतात, आणि पुढे पुढे माणूस उदास होतं, विसरायला लागतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो.

सगळ्यात आधी याची नोंद झाली ती स्पेनमध्ये, १७३५ साली, कासाल नावाच्या डॉक्टरकडून. तिथले गरीब शेतकरी मक्यावरच जगत होते. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस पिकवणाऱ्या गरीब लोकांत हा आजार हजारोंना झाला. लोकांना वाटायचं, हा लागण होणारा रोग आहे. १९१४ साली तिथल्या सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला नेमलं. त्यांनी अनाथाश्रमांत जाऊन पाहिलं. मुलांना आजार होत होता, पण त्यांची देखभाल करणाऱ्यांना होत नव्हता. लागण असती तर सगळ्यांनाच झाला असता. मग त्यांनी मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय धान्य वाढवलं, आणि आजार हटला. पुढे १९३७ साली कळलं की कमी पडत होतं ते नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. उन्हानं इजा झालेली पेशी दुरुस्त करायला हे जीवनसत्त्व लागतंच.

तुम्ही म्हणाल, हे मक्याचं झालं, आमचं काय? तर ऐका. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादेत पोषणावर संशोधन करणारी मोठी प्रयोगशाळा आहे, आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तिथे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना दख्खनच्या पठारावरच्या गरीब शेतमजुरांत हाच पेलाग्रा दिसला. हे लोक मका खात नव्हते. ते ज्वारी खात होते. १९६० साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. त्यांचं म्हणणं असं होतं की ज्वारीत ल्युसिन नावाचा एक घटक जास्त असतो, आणि नुसत्या ज्वारीवरच पोट भरलं तर शरीराला बी-३ नीट तयार करता येत नाही, वापरता येत नाही.

आता कोणी घाबरून ज्वारी सोडू नका बरं! ज्वारी आपली माय आहे. तिच्यात लोह आहे, चोथा आहे, ती पोटाला धरून राहते. दोष ज्वारीचा नाही. दोष आहे तो नुसत्या भाकरीचा. भाकरी आणि मिरचीचा ठेचा, भाकरी आणि मीठ, भाकरी आणि पातळ पाण्यासारखं कालवण, हे वर्षानुवर्षं चाललं, आणि वरून दिवसभर उन्हातलं काम, तर हातावर आणि गळ्यावर ते उमटतं. तीच भाकरी वरणात चुरून खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली, पिठल्याबरोबर, दही-ताकाबरोबर खाल्ली, तर ती पूर्ण जेवण होते.

आता विचार करा, घरात नुसत्या भाकरीवर कोण राहतं? सगळ्यांना वाढून झालं की पातेल्यात काय उरतं? वरणाचा तळ. चटणी पोरांनी संपवलेली असते. दूध डेअरीला गेलेलं असतं. अंडी बाजारात गेलेली असतात. आणि आपण म्हणतो, "मला काय, मी दोन घास खाऊन घेते." केंद्र सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. तूर पिकवणारी आपण, भुईमूग उपटणारी आपण, म्हशी राखणारी आपण, आणि रक्त कमी तेही आपल्याच अंगात.

आमच्या भागातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. हातापायांची कातडी काळी पडून सोलत होती. सुना म्हणायच्या, "म्हातारी अंघोळ नीट करत नाही." मावशी बिचाऱ्या दगडानं घासायच्या, रक्त यायचं. कोणी सांगितलं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं कुणी काही करून घातलंय. त्यांचे दात पडले होते, म्हणून चहात भिजवून भाकरी खायच्या, एवढंच त्यांचं जेवण. शेवटी आशाताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "खाता काय?" गोळ्या दिल्या, मऊ खिचडी, दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट घालून खायला सांगितलं. थोड्याच आठवड्यांत हात भरून आले. मावशी मला म्हणाल्या, "माय, मळ नव्हता गं तो. भूक होती."

म्हणून बहिणींनो, ही खूण लक्षात ठेवा. दोन्ही हातांवर सारखाच, दोन्ही पायांवर सारखाच, गळ्याभोवती काळा, जाड, सोलणारा पट्टा, आणि त्याबरोबर तोंड येणं किंवा जुलाब, असं कोणाला दिसलं तर मलम शोधू नका, देवऋषी शोधू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ज्या घरात कोणी फार दारू पितं, त्या माणसालाही हे होऊ शकतं. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड गोळीमुळेही क्वचित होतं. पण म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं. ते दुसरी गोळी जोडून देतात.

आता ताटात काय काय असावं ते एकेक करून बघू. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

पहिलं, शेंगदाणे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, आणि बाईला दिवसाला साधारण १४ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मूठभर शेंगदाणे खाल्ले तरी गरजेचा चौथा हिस्सा झाला. बाकीचा डाळी, दूध, अंडी, धान्य यांतून येतो. वर शेंगदाण्यात ई जीवनसत्त्व आहे, तेही कातडीच्या उपयोगाचं. फक्त एक काळजी घ्यायची. बुरशी लागलेला, काळपट, कडू दाणा निवडून फेकायचा. तो कूट करून खपवायचा नाही.

दुसरं, डाळी आणि कडधान्यं. आपल्या निलंगा भागातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लातूरची डाळ देशभर जाते. ती आपल्या ताटातही आली पाहिजे. डाळीच्या प्रथिनांतून शरीर थोडं बी-३ स्वतःही तयार करतं. हुलगे, मटकी, हरभरा, सगळं चालतं. आणि सोयाबीन? आपण सगळी रास बाजारात नेऊन टाकतो. घरी निदान दहा-वीस किलो ठेवा. भाजून, नऊ किलो ज्वारीला एक किलो या प्रमाणात दळून आणा. कच्चं सोयाबीन दळायचं नाही, ते पचत नाही. भाजूनच.

तिसरं, दूध, ताक, अंडी. ज्यांच्यात मांस-मासळी चालते त्यांनी तीही. अंड्यात नायसिन थोडं असतं, पण प्रथिनं उत्तम असतात, त्यातून शरीर ते बनवतं.

चौथं, हिरवं माळवं. पालेभाजीत 'अ' जीवनसत्त्व बनवणारं द्रव्य असतं. गाजरात जो केशरी रंग दिसतो, तेच पालेभाजीतही असतं, हिरव्या रंगाखाली झाकलेलं. ते कातडीत जाऊन बसतं आणि किरणांचा मारा थोडा झेलतं. आता तुम्ही म्हणाल, वैशाखात माळवं कुठून आणायचं? म्हणूनच शेवगा. दारात शेवग्याचं एक झाड असेल तर पाणी नसलं तरी पाला मिळतो. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. शेळी हुशार आहे! पाला धुऊन, मूगडाळ घालून भाजी करा, नाहीतर सावलीत वाळवून भुकटी करा आणि धपाट्याच्या पिठात चमचाभर टाका. सावलीत बरं का, कडक उन्हात वाळवला तर त्यातलं सत्त्व उडतं. घोळीची भाजी, तांदुळजा, अंबाडी, चुका, जे मिळेल ते घ्या. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी. कोथिंबीर नुसती वरून शिंपडू नका, मूठभर घाला. आपल्या कास्ती कोथिंबिरीलाही मानांकन आहे, ते नुसतं मिरवायला नाही.

पालेभाजीची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही रंगीत द्रव्यं तेलात विरघळतात. तेलाशिवाय नुसती उकडलेली भाजी खाल्ली तर अंगाला कमी लागते. चमचाभर करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल पाहिजेच. जवसाची, कारळाची, तिळाची चटणी बरोबर असली तर आणखी चांगलं.

पाचवं, लाल रंगाचं. टोमॅटो, टरबूज, आतून लाल असलेला पेरू, पपई. यात लायकोपीन नावाचं द्रव्य असतं. जर्मनीत २००१ साली याचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर आणि त्याबरोबर चमचा-दोन चमचे तेल असं १० आठवडे दिलं. मग त्यांच्या कातडीवर मोजून किरण सोडले. ज्यांनी टोमॅटो खाल्ला होता त्यांची कातडी न खाणाऱ्यांपेक्षा साधारण ४० टक्के कमी लाल झाली. पण चार आठवड्यांनी तपासलं होतं तेव्हा काहीच फरक नव्हता. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, हे लगेच होत नाही, अडीच महिने धीर धरावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यासाठीचं खाणं माघ-फाल्गुनातच सुरू करायचं असतं. आणि दुसरी, ४० ग्रॅम घट्ट गर करायला ताजे टोमॅटो त्याच्या कितीतरी पट लागतात. एवढे रोज कोण खाणार? म्हणून यातून चमत्कार होईल असं मी सांगत नाही. पण ज्या आठवड्यात टोमॅटोला भाव नसतो, कॅरेटच्या कॅरेट बांधावर ओतले जातात, त्या आठवड्यात ते आटवून, तेलात परतून घरात ठेवा. शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन कच्च्यापेक्षा अंगाला जास्त लागतं. आणि टरबुजात तर ते कच्च्या टोमॅटोपेक्षाही जास्त असतं, शिजवायची गरज नाही. ज्यांच्या वावरात टरबूज आहे त्यांनी फुटलेलं, डागाळलेलं फळ तरी घरी आणा!

सहावं, आंबट. आवळा, पेरू, कैरी, लिंबू, चिंच. आवळा आणि पेरू यांत सी जीवनसत्त्व भरपूर असतं, लिंबापेक्षा कितीतरी जास्त. कातडीचा चिवटपणा त्यावर अवलंबून असतो. हे मात्र उकळल्यानं कमी होतं, म्हणून लिंबू वरून पिळायचं, पेरू कच्चा खायचा.

आणि लिंबावरून आठवलं. हे फार महत्त्वाचं आहे, नीट ऐका. लिंबू खायचं, लावायचं नाही! माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मी स्वतः हा उद्योग केलाय. तोंड उजळावं म्हणून लिंबाची फोड गालावर, मानेवर चोळली आणि मांडवाचं काम बघायला उन्हात फिरले. दुसऱ्या दिवशी आग आग, तिसऱ्या दिवशी फोड, आणि मग जे काळे ओघळ उमटले ते जायला तीन महिने लागले. लिंबाच्या रसात आणि सालीत असं एक द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते. अंजिराच्या चिकाचंही तसंच. शेतात लिंबं तोडणाऱ्या, सरबताच्या गाडीवर लिंबं पिळणाऱ्या बायांनी उन्हात जायच्या आधी हात साबणानं धुवावेत.

आता खाण्याच्या जोडीला पांघरण्याचं. सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात किरण सगळ्यात कडक असतात. होता होईल तेवढं काम सकाळी आणि संध्याकाळी घ्या. साडीवर घरधन्याचा लांब बाह्यांचा जुना शर्ट घालून आपण रानात जातो, तो पोशाख शहाणपणाचा आहे. त्याची लाज वाटू देऊ नका. डोक्याला रुमाल, त्यावर काठाची टोपी असेल तर कान आणि मानही झाकली जाते. पाण्यात उभं राहून काम करताना खालूनही ऊन परततं, तेव्हा तोंड झाकाच. आभाळ आलं तरी किरण येतात. आणि बाळाला बांधावर झोपवाल तर झाडाखाली, झोळीवर कापड टाकून.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, "ताई, बोलणं सोपं आहे." खरं आहे. म्हणून आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते, आणि काय जमलं नाही तेही सांगते.

त्या बैठकीत आम्ही तीन ठराव केले. पहिला, दर दहा अंड्यांतली तीन अंडी विकायची नाहीत, आणि त्यातलं एक अंडं बाईनं खायचं. दुसरा, प्रत्येक घरी मोरीच्या सांडपाण्यावर एक शेवगा आणि एक पपई. तिसरा, वरण वाढताना आधी आपल्या वाटीत एक पळी काढून ठेवायची, मग बाकीच्यांना वाढायचं. जास्त नको, एक पळी.

शेवगा आणि पपई सोपी गेली. अकरा घरी झाडं लागली, त्यातली दोन शेळ्यांनी खाल्ली, नऊ उभी आहेत. अंड्यांचं निम्म्या घरांत जमलं. सगळ्यात अवघड गेली ती वरणाची पळी. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आधी स्वतःला काढून घेते, ही कुठली रीत?" एकीला नवरा बोलला. एक ताई म्हणाली, "मला कोणी काही म्हणत नाही हो, माझाच हात होत नाही." तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझाच हात होत नाही. खरं सांगू, माझाही पहिल्या दिवशी झाला नाही.

मग आम्ही सासूबाईंनाच बैठकीला बोलावलं. भांडायला नाही. विचारलं, "मामी, तुमच्या वेळी तुम्ही काय खायच्या?" त्या बराच वेळ बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, मिलो आणि सुकडी खाल्लेली. शेवटी त्यांनीच सांगितलं, "आम्ही नाही खाल्लं, म्हणून आमचे गुडघे गेले. तुम्ही खा बायांनो." आता त्यांच्या घरी पळी सासूबाई स्वतः काढून ठेवतात. दोन वाट्यांत, एक सुनेची आणि एक स्वतःची. कारण शेवटी त्याही मागेच जेवत होत्या.

जाता जाता एक आठवण करून देते. येळवस सगळ्यांना आवडते ना? वेळ अमावस्येला आपण रानात जाऊन काय खातो? भज्जी. तिच्यात हिरवे दाणे, तुरीच्या कोवळ्या शेंगा, हरभरा, शेंगदाणे, गाजर, मेथी, पातीचा कांदा, चिंच, जे वावरात असेल ते सगळं. बरोबर आंबील, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची. बाजरीचे उंडे. बघा, मी आज जे जे सांगितलं ते सगळं त्या एका जेवणात आहे. आणि त्या दिवशी आपण सगळे एका पंगतीत, झाडाखाली, सावलीत बसून जेवतो. येळवस वर्षातून एकदा येते. तिचं ताट मात्र रोज थोडं थोडं करता येईल. आज डाळ, उद्या पाला, परवा शेंगदाणे.

आजच्या बोलण्यातलं थोडक्यात पुन्हा सांगते. नुसती भाकरी नको, भाकरीबरोबर डाळ किंवा शेंगदाणे. पालेभाजी तेलात. टोमॅटो शिजवून, पेरू-आवळा कच्चा. लिंबू पोटात, तोंडावर नाही. दुकानातली ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. भर दुपारी सावली, नाहीतर अंग झाकून. आणि हात, पाय, गळा काळा पडून सोलत असेल तर दवाखाना.

आणि आज रात्री जेवायला वाढाल, तेव्हा एक पळी आधी बाजूला काढा. हात होत नसेल तर माझी आठवण करा.

येते मी. काळजी घ्या. रामराम.